पहिल्या भोंग्यानंतर

आमच्या बेटावर बोलणाऱ्याला कोणी थांबवत नाही. ते काम बोटीचा भोंगा करतो. दिवसाला एकच बोट मुख्य भूमीवर जाते. पहिला भोंगा झाला की जाणाऱ्यांनी धक्क्याकडे निघायचे, दुसऱ्याला सामान चढवायचे आणि तिसऱ्याला दोर सुटतात. लग्नातली भाषणे, शाळेतला तास, शेजाऱ्यांचे भांडण, अगदी मयताच्या घरचा आक्रोशसुद्धा पहिल्या भोंग्याला आपोआप आवरतो, आणि अर्ध्यावर उठून गेलेल्याचा कोणी राग मानत नाही. पिढ्यान् पिढ्या असेच चालत आल्यामुळे दुसऱ्याचे बोलणे तोडण्याची विद्या आमच्या माणसांना कधी शिकावीच लागली नाही. बाहेरचे लोक याला आमची सभ्यता समजतात.

बोट आमच्या घराची. सासऱ्यांनी ती सुरू केली, यजमानांनी वाढवली, आता माझा थोरला ती चालवतो. यजमान गेल्यापासून घर आणि बोट दोन्ही माझ्या शब्दावर चालत आली आहेत, आणि बेटावर मला ‘मोठ्या बाई’ म्हणतात ते काही माझ्या उंचीमुळे नव्हे. यजमानांचे धाकटे भाऊ, माझे दीर, यांनी जन्म धक्क्यावरच्या तिकीट खिडकीत काढला. लग्न केले नाही. आमच्या मागच्या खोलीत राहिले आणि कविता करीत राहिले. जाळीतून तिकीट सरकवताना त्याबरोबर एखादी ओळ सरकवायची त्यांना खोड होती. आवडली तर लोक हसत, नाही आवडली तर सुटे मागत. पण एखादे दिवशी ओळ मिळाली नाही तर मात्र रांगेत कुरकूर होई की आज तिकीटवाल्यांचे काहीतरी बिनसले आहे. मला कवितेतले काही कळत नाही आणि त्याची मी कधी खंत बाळगली नाही. घरातला एक माणूस चंद्राकडे पाहत असेल तर दुसऱ्या कोणाला तरी चुलीकडे पाहावे लागते.

गेल्या वर्षी त्यांचा आवाज बसला आणि सुटेचना. माझी सून बेटाच्या आरोग्य केंद्रात परिचारिका आहे. तिने हट्टाने त्यांना मुख्य भूमीवरच्या मोठ्या रुग्णालयात नेले. तिथल्या डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितले की स्वरयंत्र काढावे लागेल. जीव वाचेल, आवाज राहणार नाही. भाऊजींनी एकच विनंती केली: शस्त्रक्रिया आमच्या कवी दिवसानंतर व्हावी. डॉक्टरांनी नाइलाजाने त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळची वेळ दिली, म्हणजे कवी दिवसाच्या संध्याकाळीच रुग्णालयात दाखल होणे आले. आणि तोवर बोलणे अगदी कमी ठेवा, नाहीतर त्या दिवसासाठीही काही उरणार नाही, असे बजावले.

हा कवी दिवस आमच्या शाळेच्या निवृत्त मास्तरांनी सुरू केलेला. दर वर्षी मुख्य भूमीवरून एक नावाजलेला कवी आणायचा, आणि त्याच्या जोडीला बेटावरच्या कवींना उभे करायचे. भाऊजींनी कधी त्या मंचावर पाऊल ठेवले नव्हते. मास्तर बोलावून थकत आणि हे म्हणत, मला जाळीमागूनच बरे वाटते. या वर्षी मात्र ते आपल्या पायांनी मास्तरांकडे गेले आणि नाव देऊन आले. त्यानंतर त्यांनी तोंडच मिटले. चहा हवा तर बोटाने, नको तर तळहाताने. मागच्या खोलीत माणूस आहे की नाही, हे कळेनासे झाले. एका कवितेपुरता आवाज ते जपून ठेवत होते, एवढे माझ्यासारखीलाही समजत होते. ती कविता कशावर आहे हे त्यांनी सांगितले नाही आणि मी विचारले नाही.

कार्यक्रम चार दिवसांवर आला तेव्हा मास्तर घरी येऊन बेत सांगून गेले. पाहुणे कवी पहिला भोंगा होईपर्यंत वाचणार. मग समितीची माणसे त्यांना बोटीपर्यंत पोचवणार. आणि पहिल्या व तिसऱ्या भोंग्यामधल्या वेळात बेटावरचे कवी वाचणार: आधी भाऊजी, कारण त्यांनाही तीच बोट गाठायची, मग शिंपी, मग टपाल वाटणाऱ्या बाई.

“म्हणजे पाहुणे उठून गेल्यावर आमची माणसं वाचणार,” मी म्हटले.

“मोठ्या बाई, पाहुणे लांबून येतात. त्यांना वेळ द्यायला हवा.”

“आमचे दीर काय जवळून आलेत? सत्तर वर्षं लागली त्यांना तुमच्या मंचापर्यंत यायला.”

मास्तर चहात पाहत राहिले. दर वर्षी असेच होते आणि आजवर कोणी तक्रार केली नाही, असे काहीतरी ते पुटपुटले.

“तक्रार केली नाही म्हणून मान दिला असं होत नाही, मास्तर. हे वरातीमागून घोडं आहे. ज्याला ऐकवायचं तो गेलेला असतो.”

भाऊजी दारात उभे होते. त्यांनी तळहात दाखवला, मान हलवली, पुन्हा तळहात दाखवला. “तुम्ही मध्ये बोलू नका, भाऊजी,” मी म्हटले. ते बोललेच नव्हते. मास्तरांना तेवढ्यात हसू आले आणि त्यांनी ते कपात लपवले. पुढे म्हणाले की पत्रिका वाटून झाल्या आहेत, आता क्रम बदलणे कठीण. आणि ते गेले.

मला वाटले, हा भाऊजींचा जन्माचा भिडस्तपणा. आपले पान कोणी ओढून घेतले तरी हा माणूस दुसऱ्याला आग्रह करील. पिकते तिथे विकत नाही हे खरे, पण म्हणून आपले पीक आपणच उकिरड्यावर टाकायचे का? क्रम मास्तरांच्या हातात होता. भोंगा माझ्या हातात होता.

दुसऱ्या दिवशी मी धक्क्यावर गेले. थोरला इंजिनाच्या खोलीत काळ्या हातांनी काहीतरी आवळत होता. मी त्याला सांगितले की कवी दिवशी भोंगा नेहमीच्या वेळी वाजवायचा नाही. काकांचे वाचून होईपर्यंत थांबायचे. मी सभागृहाच्या धक्क्याकडच्या खिडकीशी बसेन; खिडकीचे दार लोटलेले दिसले की पहिला भोंगा द्यायचा.

“आई, भोंगा म्हणजे काय आपल्या देवघरातली घंटा आहे?”

“बोट आपल्या घरची आहे.”

“बोट आपली, ओहोटी आपली नाही. बंदराच्या मुखाशी वाळू उघडी पडली की मी काय खांद्यावर घेऊन जाऊ माणसांना?”

मी विचारले, किती थांबता येईल. त्याने हिशेब केला, मान खाजवली आणि म्हणाला, थोडा वेळ ताणता येईल, पण त्यापुढे तुझी खिडकी उघडी असो की बंद, मी निघणार. मला ते पुरेसे वाटले. पाहुण्यांनी ठरल्या वेळी वाचन आटोपले की ते पहिल्या रांगेत बसतील, भोंगा झाला नसल्यामुळे उठणार नाहीत आणि भाऊजींचे ऐकतील. इतका साधा बेत होता.

सभागृह म्हणजे पूर्वीचे बर्फाचे कोठार. भिंती जाड, खिडक्या मागाहून पाडलेल्या. मंचामागे फलक लावला होता: ‘आपले बेट, आपले कवी’. त्यावर छायाचित्र एकच, पाहुण्यांचे. आपल्या कवींची नावे खाली, औषधाच्या बाटलीवरच्या सूचनेएवढ्या अक्षरांत. भाऊजी इस्त्री केलेल्या पांढऱ्या सदऱ्यात पहिल्या रांगेच्या टोकाला बसले होते. पायांशी रुग्णालयात न्यायची पिशवी. खिशात घडी केलेला एक कागद. सुनेने थर्मासमध्ये कोमट पाणी दिले होते, त्याचे ते घोट घेत होते. बेटावरच्या निम्म्या माणसांना ठाऊक होते की हा आवाज उद्या नसेल. कोळणी आल्या होत्या, बोटीवरचे हमाल आले होते, एरवी कवितेच्या नावाने जांभया देणारी माणसे अंघोळी करून आली होती. तिकीटवाल्यांसाठी आली होती, हे मी तेव्हाच पाहिले होते.

पाहुण्यांची ओळख करून देताना मास्तर त्यांना मोठ्या अदबीने म्हणाले, “आपण निवांत वाचा. आमच्याकडे घड्याळ बघत नाहीत. भोंगा झाला की थांबायचं, एवढीच पद्धत.”

मी हे ऐकले. ऐकून त्याचा अर्थ माझ्या ध्यानात यायला मात्र वेळ लागला.

पाहुणे देखणे गृहस्थ होते, आवाजही भारदस्त. त्यांनी समुद्रावरच्या कविता आणल्या होत्या. समुद्र आई होता, समुद्र सखी होता, समुद्र कुठल्याशा विरहाचा साक्षीदार होता. घरटी एखादा माणूस ज्यांनी पाण्याला दिला आहे, ती माणसे समोर हात जोडल्यासारखी बसून ऐकत होती. टपालवाल्या बाई माझ्या कानाशी म्हणाल्या, “या गृहस्थांना एकदा उधाणात बोटीत बसवा. समुद्र कोण लागतो ते नीट कळेल.”

ठरलेली वेळ आली. मी घड्याळ पाहिले नाही, भाऊजींकडे पाहिले. त्यांनी थर्मासचे झाकण लावले, सदरा सारखा केला, कागद खिशातून काढून मांडीवर घेतला आणि कान खिडकीकडे वळवला. जन्मभर त्या वेळेला ज्याने जाळीची खिडकी उघडली, त्याच्या अंगातच ती वेळ मुरलेली असते. भोंगा झाला नाही. सभागृहातल्या साऱ्या माना हळूच हलल्या आणि पुन्हा स्थिर झाल्या. पाहुण्यांनी पान उलटले.

त्यांची वेळ संपली होती. पण त्यांना ते सांगणारे कोणी नव्हते. मास्तर खुर्चीच्या कडेवर आले, मागे सरकले, रुमालाने मान पुसू लागले. उभ्या सभेत एक माणूस असा नव्हता ज्याला पाहुण्याला ‘थांबा’ म्हणता येईल. पाहुणे तरी काय करतील? भोंगा होईपर्यंत वाचा, असे त्यांना सांगितले होते, आणि ते शब्दाचे पक्के निघाले. भीक नको पण कुत्रे आवर, अशी सभेची गत झाली, आणि कुत्रे आवरण्याची साखळी माझ्या हातात होती.

माझा हात खिडकीच्या दारावरच होता. लोटले असते तर भोंगा झाला असता, आणि पाहुणे थांबले असते. पण ते उठून गेलेही असते. त्या खुर्चीत बसून, मान वर करून, आमच्या घरातल्या माणसाची कविता त्यांनी ऐकायला हवी होती. मी स्वतःला सांगितले, आणखी एक कविता, मग हा माणूस आपणहून बसेल. तीही झाली. पुन्हा तेच सांगितले. भाऊजी आता माझ्याकडे पाहत होते. खिडकीतून मला धक्क्यावरचा थोरला दिसत होता. तो एकदा पाण्याकडे बघे, एकदा माझ्याकडे. धक्क्याच्या खांबांवरची ओली काळी पट्टी वाढत चालली होती.

मग मी उभी राहिले.

“पाहुणे,” मी म्हटले, “तुमचं आम्ही ऐकलं. आता आमची माणसं वाचतील. आपण बसून घ्या.”

सभागृहात असे कोणी कधी बोलले नव्हते. मास्तरांचा चेहरा उतरला. पाहुणे मात्र रसिक निघाले. त्यांनी मला नमस्कार केला आणि माइकमध्ये म्हणाले, “आजींची आज्ञा शिरोधार्य. एक शेवटची, खास आजींसाठी.” लोक हसले. टाळ्या वाजल्या. आमच्याच लोकांनी वाजवल्या. सुटका झाल्याच्या आनंदात माणूस कशालाही टाळी देतो. आणि ते म्हाताऱ्या बायकांवरची एक कविता वाचू लागले, जिच्यात सुरकुत्यांना नकाशा म्हटले होते. मी उभीच होते. माझ्याकडे पाहून ती वाचली जात होती, त्यामुळे मला बसताही येईना.

ती निम्म्यावर असताना भोंगा झाला. पहिला, आणि त्याला लागून दुसरा, आणि श्वास घ्यायच्या आत तिसरा. थोरल्याने जेवढे सांगितले होते तेवढे थांबून पाहिले होते.

सगळी सभा एकदम उठली. खुर्च्या सरकल्या, पिशव्या उचलल्या गेल्या, कोणीतरी कोणाला तरी हाक मारली. ज्यांना बोटीने जायचे नव्हते तेही उठले, कारण एकदम तिन्ही भोंगे म्हणजे बोटीवर काहीतरी अडचण आहे असाच आमच्याकडे अर्थ होतो, आणि दोर धरायला सगळ्यांनीच धावायचे असते. शिंपी कविता खिशात कोंबत धावला. टपालवाल्या बाई धावल्या. समितीने पाहुण्यांना दोन्ही बाजूंनी धरून नेले. भाऊजींनी कागदाची घडी केली, ती खिशात ठेवली आणि पिशवी उचलली.

“बसा, भाऊजी,” मी म्हटले. “वाचा. बोट थांबेल.”

कित्येक आठवड्यांनी ते बोलले. आवाज स्वच्छ होता, इतका की मी चमकले. “ओहोटी थांबेल का, वहिनी?”

मी त्यांच्याबरोबर निघाले. सून आधीच बोटीवर होती. वाळूवरून जाताना बोट तळातून घासली आणि थोरल्याने कोणाला ऐकू जाईल न जाईल अशा बेताने शिवी दिली. बोट खोल पाण्यात आल्यावर पाहुणे भाऊजींपाशी आले. आपल्याला त्यांच्याविषयी आताच कळले, असे म्हणाले. फार वाईट वाटते, पुढच्या वर्षी तुम्हाला अगदी अगत्याने ऐकणार, असेही म्हणाले. पुढच्या वर्षी. कोणी त्यांना अर्धेच सांगितले असावे. भाऊजींनी हसून मान डोलावली. पाहुणे समाधानाने आत जाऊन झोपले.

आम्ही मागच्या बाकावर बसलो होतो. बेट मागे लहान होत होते.

“वहिनी,” भाऊजींनी विचारले, “भोंगा कोणी थांबवला?”

“मी.”

त्यांनी पिशवी पायांशी सारली.

“मला पाहुणे गेल्यावरच वाचायचं होतं,” ते म्हणाले. “मीच मास्तरांना तसं सांगितलं होतं. पहिल्या भोंग्यानंतर आपलीच माणसं उरतात.”

मास्तर हे मला बोलले नव्हते. माझ्यापुढे बेटावर बरेच लोक बरेच काही बोलत नाहीत. आणि ज्यांनी सांगितले असते, त्यांना मी दारात गप्प केले होते.

“मग आता वाचा,” मी म्हटले. “मी ऐकते. सून आहे, थोरल्याला बोलावते.”

“इंजिनाच्या आवाजात?”

“इंजिन बंद करायला सांगते.”

त्यावर ते हसले. खरोखरच हसले, आणि मला ते रागावण्यापेक्षा अवघड गेले. “नको, वहिनी. आता आणखी काही बंद करू नका. ज्यांना ऐकवायची होती ती धक्क्यावर राहिली.”

मग ते बोलत राहिले. साठवलेला सगळा आवाज हातात होता आणि बोट लागेपर्यंतचा वेळ होता. मागच्या खोलीच्या छपराचा एक पत्रा सैल आहे, वारा सुटायच्या आत ठोकून घ्या, असे त्यांनी सांगितले. मांजर आजारी आहे, तिला दूध देऊ नका. तिकीट खिडकीचे कुलूप ओलाव्याने अडकते. किल्ली जरा वर उचलून फिरवायची, हे माझ्या जागी बसणाऱ्या नव्या मुलीला सांगायचे राहून गेले. थोरल्यावर सारखे ओरडू नका, तो चांगला माणूस आहे. मधल्या नळाचा वायसर गेला आहे. मी प्रत्येक गोष्टीला ‘बरं’ म्हणत गेले. इतके सलग ते माझ्याशी कधी बोलले नव्हते, आणि त्यात एक ओळ कवितेची नव्हती. मी वाट पाहत होते. धक्का दिसू लागला तेव्हा त्यांचा आवाज चिरू लागला, आणि ते थांबले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना हिरवा झगा घालून खाटेवर निजवले होते. त्यांचा सदरा, घडी करून, माझ्या मांडीवर होता. कागद खिशातच होता. मी त्याला हात लावला नाही. एक तरुण परिचारिका आली. तिला दिवसभरात अशा अनेक माणसांना तेच प्रश्न विचारायचे असावेत, कारण ती वर न पाहताच विचारत होती. नाव. वय. कुठल्या औषधाचा त्रास होतो का. काल रात्रीपासून काही खाल्ले आहे का. भाऊजी घोगऱ्या आवाजात उत्तरे देत होते, आणि मी प्रत्येक उत्तराच्या वेळी मनात म्हणत होते, हे नको, हे शेवटचे नको.

“कवळी आहे का?” तिने विचारले. “असेल तर काढून द्या.”

“दात माझेच आहेत,” भाऊजी म्हणाले.

तिने खूण केली आणि चाकाचा अडसर पायाने सोडला. मी म्हटले, जरा थांबा. तिने माझ्याकडे पाहिले. तिथे मला कोणी ओळखत नव्हते. खाट निघाली होती.